यकृताचा आजार : लढाईसोबत रसदही हवी

त्या संध्याकाळी मामींनी सगळं घर उपसलं. आधी मामांची जुनी फौजी ट्रंक, मग माळा, मग स्कूटरची डिकी. त्या बाटली शोधत होत्या. मामा पलंगावर बसून शर्टाची बटणं चुकीच्या काजात घालत होते. त्यांची जीभ जड झाली होती. सकाळपासून तिसऱ्यांदा ते विचारत होते, “गाडी कितीची आहे?” कुठलीच गाडी नव्हती. कुणाला कुठे जायचंही नव्हतं.

“दोन वर्षं हात लावला नाही म्हणत होतात ना? मग हे काय आहे?” मामी रडत रडत ओरडत होत्या. मामा नुसते बघत राहिले. सव्वीस वर्षं फौजेत काढून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आपल्याच घरात चोर ठरला होता.

बाटली सापडली नाही, कारण बाटली नव्हतीच. मामांनी दारू खरोखरच सोडली होती. झालं होतं ते वेगळंच. तीन दिवस त्यांचं पोट साफ झालं नव्हतं. थकलेल्या यकृताला जी विषारी द्रव्यं रक्तातून काढून टाकता येत नव्हती, ती मेंदूपर्यंत पोहोचली होती. डॉक्टर याला ‘हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी’ म्हणतात. महिन्याभरापूर्वीच्या डिस्चार्ज कार्डवर ‘एचई, ग्रेड 1’ असं लिहिलेलंही होतं. पण त्याचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

बेळगावच्या त्या घरात पुढचं दीड वर्ष मी येऊन जाऊन होते. गंभीर यकृतरोगात औषधोपचार जितके महत्त्वाचे, तितकंच महत्त्वाचं असतं रुग्णाला आणि घराला सावरणं. ही दोन्ही कामं एकाच दिवसापासून सुरू व्हायला हवीत, एकामागून एक नाहीत, हे मला त्या दीड वर्षात कळलं. माजी सैनिकांच्या घरांत तर ते आणखी लवकर कळायला हवं.

यकृत थकतं तेव्हा

यकृत तक्रार न करणारा अवयव आहे. दारू, हिपॅटायटिस ‘बी’ किंवा ‘सी’चा विषाणू, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारी चरबी, यांपैकी काहीही वर्षानुवर्षं यकृताला इजा करत राहिलं की तिथे व्रण साठत जातात आणि मऊ यकृत कडक, गाठाळ होतं. हाच सिरॉसिस. सुरुवातीला तो कळतही नाही. उरलेला चांगला भाग सगळं काम ओढून नेतो आणि या अवस्थेत माणूस दहा-बारा वर्षंही बऱ्यापैकी जगू शकतो.

मग एक दिवस यकृताचा तोल सुटतो. पोटात पाणी साठतं, म्हणजे जलोदर होतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. डोळे पिवळे होतात. बुद्धीवर धुकं येतं. डॉक्टर या टप्प्याला ‘डीकॉम्पेन्सेटेड सिरॉसिस’ म्हणतात. प्रत्यारोपण झालं नाही, तर इथून पुढचं सरासरी आयुष्य दोन वर्षांच्या आसपास धरलं जातं. कुणाला याहून कमी मिळतं, कुणाला बरंच जास्त. मूळ कारण थांबवलं, म्हणजे दारू पूर्ण सोडली किंवा विषाणूवर औषध घेतलं, तर काही रुग्णांचं यकृत पुन्हा सावरतंही.

या आजाराची चाल सरळ उताराची नसते. पोटातलं पाणी काढलं की रुग्ण दुसऱ्या दिवशी बागेत फिरतो. पंधरा दिवसांनी पुन्हा आयसीयूत जातो. पुन्हा घरी येतो. त्यामुळे घरच्यांना वाटतं, ‘मागच्या वेळीही बाहेर आले, आताही येतील.’ डॉक्टरांनाही अवघड विषय काढायला योग्य वेळ सापडत नाही. कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत आधाराची सेवा लवकर पोहोचते आणि यकृताच्या रुग्णांपर्यंत अगदी शेवटच्या दिवसांत, ती यामुळेच.

“ठीक आहे, सर”

फौजेत माणसाला सहन करायला शिकवतात. सीमेवर ते गुण असतात, पण दवाखान्यात अडचण होते. डॉक्टर विचारायचे, “दुखतंय का?” मामा ताठ बसून म्हणायचे, “ठीक आहे, सर.” रात्री मात्र पायांत गोळे येऊन ते कळवळायचे. अंगाला इतकी खाज सुटायची की पाठीवर ओरखडे उठायचे. डॉक्टरांना हे मामी सांगू पाहायच्या, तर मामा डोळ्यांनीच गप्प करायचे.

दुसरी गोष्ट लाजेची. फौजी माणसाला यकृताचा आजार झाला म्हटलं की लोक लगेच कॅन्टीनच्या रमकडे बोट दाखवतात. मामांच्या बाबतीत ते काही अंशी खरंही होतं. थंड ठाण्यांवर लागलेली सवय निवृत्तीनंतर बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी करतानाही सुटली नव्हती. पण सगळ्यांचंच तसं नसतं. कधीकाळी रक्त चढवताना किंवा नीट निर्जंतुक न केलेल्या सुईतून शिरलेला विषाणू तीस वर्षांनी डोकं वर काढू शकतो. आणि दारूमुळे झालेला आजार असला, तरी पाण्याने फुगलेलं पोट घेऊन झोपता न येणाऱ्या माणसाला टोमणे मारून कुणाचं भलं होणार? मामांना भेटायला आलेला एक नातेवाईक तर त्यांच्यासमोरच म्हणाला, “आपल्या कर्माची फळं, दुसरं काय!” त्या दिवसानंतर मामांनी पाहुण्यांना भेटणंच बंद केलं.

मग सुरू झाले सल्ले. कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, कुणी गळ्यात मण्यांची माळ घातली, कुणी झाडपाल्याचा काढा आणून दिला. मंत्राने यकृत सुधारत नाही. उलट त्यात वेळ जातो. आणि काढ्यात नेमकं काय आहे हे माहीत नसेल, तर आधीच थकलेल्या यकृतावर तो शेवटचा घाव ठरू शकतो. डॉक्टरांना न विचारता काहीही देऊ नका, मग ते ‘नैसर्गिक’ असलं तरी.

“म्हणजे आता पोस्ट सोडायची?”

एन्सेफॅलोपॅथीच्या त्या प्रसंगानंतर मामांना मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हलवलं. तिथल्या यकृततज्ज्ञांनी दोन गोष्टी एकाच दिवशी सांगितल्या. पहिली, प्रत्यारोपण शक्य आहे का ते पाहण्यासाठी तपासण्या सुरू करू. दुसरी, शेजारच्या इमारतीत पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटून या.

मामींनी तो शब्द कुठेतरी ऐकला होता. त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे यांनी हात टेकले का?” मामांनी फौजी भाषेत विचारलं, “म्हणजे आता पोस्ट सोडायची?”

पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण त्यांनी उत्तर छान दिलं. म्हणाल्या, “काका, तुम्ही पुढच्या चौकीवर असताना मागून रसद यायची ना? रेशन, कोरडे मोजे, घरची पत्रं, मलमपट्टीवाला. रसद आली म्हणून कुणी चौकी सोडत होतं का? यकृताचे डॉक्टर तुमची लढाई लढतायत. मी रसद आहे.”

मामा पहिल्यांदा हसले. आणि पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं की रात्री पायांत गोळे येतात.

पॅलिएटिव्ह केअर, मराठीत उपशामक सेवा, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्याचं शास्त्र. वेदना, खाज, धाप, झोप न लागणं, भीती, पैशांची चिंता, घरातला ताण, हे सगळं त्यात येतं. आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यातली हॉस्पिस सेवा हा त्याचा एक भाग झाला. पण उपशामक सेवा निदानाच्या दिवसापासून, बरं करणाऱ्या उपचारांसोबत घेता येते. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही हेच म्हटलं आहे. रुग्ण प्रत्यारोपणासाठी पात्र असो वा नसो, डीकॉम्पेन्सेटेड सिरॉसिसमध्ये ही सेवा द्यावी.

तरीही ती फार थोड्यांना मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि त्यांतल्या जेमतेम 14 टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते.

दोन्ही गाड्या एकाच रुळावर

उपचार आणि आधार एकत्र चालतात म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, हे मामांच्या फाइलमधूनच सांगते.

पोटातलं पाणी : लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मिठावर नियंत्रण हा उपचार. गोळ्यांनी भागेना तेव्हा सुईने पाणी काढणं आणि जास्त पाणी काढलं तर सोबत शिरेतून अल्ब्युमिन देणं, हाही उपचारच. पण धाप लागेपर्यंत वाट न पाहता पाणी काढण्याची तारीख आधीच ठरवून ठेवणं, हा आधार. त्यामुळे मामींची मध्यरात्री रिक्षा शोधण्याची धावपळ थांबली.

बुद्धीवरचं धुकं : लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध, गरजेप्रमाणे रिफॅक्सिमिनच्या गोळ्या. रोज दोन-तीन वेळा मऊ शौच व्हायला हवी, हे उद्दिष्ट. आधार म्हणजे घरच्यांना खुणा शिकवणं. दिवसा झोप आणि रात्री जाग, अक्षर बिघडणं, हात फडफडणं, उगाच चिडणं, साध्या बेरजा चुकणं. परिचारिकेने मामांना रोज सकाळी वहीत स्वतःचं नाव, हुद्दा आणि तारीख लिहायला सांगितलं. सही वाकडी दिसली की मामी सावध व्हायच्या. स्कूटर मात्र कायमची बंद झाली, कारण अशा अवस्थेत गाडी चालवणं त्यांच्या आणि इतरांच्याही जिवाला धोका होता.

दुखणं : सहज मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडाला इजा करू शकतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. पॅरासिटामॉल चालतं, पण मात्रा डॉक्टरांनी ठरवलेलीच. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात नाहीत, कारण त्यांनी धुकं वाढू शकतं. आणि म्हणूनच त्रास लपवणं धोक्याचं. डॉक्टरांना माहीत नसलेलं दुखणं माणूस मेडिकलच्या दुकानातून गोळी आणून दाबतो.

मन : मामांना भीती मरणाची नव्हती. “सगळ्यांसमोर वेड्यासारखं वागलो तर?” याची होती. समुपदेशकाने त्यांना समजावलं की तो आजाराचा भाग आहे, चारित्र्याचा नाही. हे ऐकायला मामीही शेजारी बसलेल्या होत्या.

याच काळात प्रत्यारोपणाच्या तपासण्याही सुरू होत्या. भारतात यकृताचं प्रत्यारोपण बहुतेक वेळा जिवंत नातेवाईकाच्या यकृताचा भाग घेऊन होतं. मामांची मुलगी तयार होती. पण मामांचं हृदय एवढी मोठी शस्त्रक्रिया पेलणार नाही, असं निष्पन्न झालं. तो दिवस वाईट होता. पण त्या दिवशी आम्ही रस्त्यावर आलो नाही. ज्यांच्याशी बोलायचं ते डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक चार महिन्यांपासून ओळखीचे झाले होते. दोन्ही सेवा एकत्र सुरू करण्याचा खरा फायदा हाच. एक दार बंद झालं, तरी माणूस अंधारात उभा राहत नाही.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांकडून काय शिकावं?

माजी सैनिकांसाठी ही कल्पना सर्वात मोठ्या प्रमाणावर राबवली गेली ती अमेरिकेत. तिथे ज्येष्ठ नागरिकांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यात हॉस्पिस सेवा घ्यायची, तर त्या आजारावरचे बरं करणारे उपचार सोडावे लागतात. म्हणजे हे तरी घ्या नाहीतर ते तरी. माजी सैनिकांच्या वेगळ्या आरोग्यव्यवस्थेत, ज्याला तिथे ‘व्हीए’ म्हणतात, ही अट नाही. तिथे माजी सैनिक हॉस्पिस सेवा घेत असतानाच उपचारही चालू ठेवू शकतो.

याचा परिणाम काय झाला? फुफ्फुसाच्या शेवटच्या टप्प्यातला कर्करोग असलेल्या 13 हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या केंद्रांत हॉस्पिस सेवा जास्त वाढली होती, तिथल्या रुग्णांवर शेवटी शेवटी होणारे आक्रमक उपचार कमी झाले, खर्चही कमी झाला आणि त्यामुळे आयुष्य मात्र कमी झालं नाही. हा अभ्यास यकृताचा नव्हता, पण ‘आधार घेतला म्हणजे उपचार सोडले’ हा समज चुकीचा आहे एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरा धडा थेट यकृताचा आहे. व्हिएतनाम युद्धाच्या पिढीतल्या अमेरिकन सैनिकांमध्ये हिपॅटायटिस ‘सी’चं प्रमाण बरंच होतं. 2014 पासून तोंडाने घ्यायच्या नव्या गोळ्या आल्यावर व्हीएने माजी सैनिकांना शोधून शोधून तपासलं आणि लाखाहून अधिक जणांवर उपचार केले. शोध घेतला, म्हणून अनेकांची यकृतं त्या टोकाला जाण्यापासून वाचली.

आपल्याकडेही 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ‘सी’वरच्या गोळ्या बहुतेक रुग्णांना 12 आठवडे घ्याव्या लागतात आणि आजार बरा होतो. घरात निवृत्त फौजी असतील, तर साखर आणि रक्तदाबासोबत ही तपासणीही एकदा करून घ्या.

स्वयंपाकघरातली आघाडी

“यकृत खराब आहे, आता फक्त मऊ भात आणि पेज,” असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. मामींनीही डाळ, अंडी, दही बंद केलं होतं. दोन महिन्यांत मामांच्या दंडाचं मांस उतरलं. आहारतज्ज्ञांनी समजावलं की सिरॉसिसमध्ये शरीर स्वतःचे स्नायू खाऊ लागतं, म्हणून प्रथिनं जास्त हवीत. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. डाळ, दही, पनीर, सोयाबीन, अंडी, ज्याला जे चालतं ते.

मीठ मात्र कमी. दिवसभरात सगळं मिळून एक सपाट चमचा, साधारण 5 ग्रॅम. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी, बेकरीचे पदार्थ, पाकिटातलं सूप, यांतलं मीठ दिसत नाही पण तेच घात करतं. मामींनी लिंबू, कोकम, आलं, लसूण आणि भाजलेल्या जिऱ्यावर भर दिला. मामा पहिले आठ दिवस कुरकुरले, “लंगरचं जेवण बरं होतं.” मग सवय झाली.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला देणं. दूध-पोळी, थालीपीठ, दोन लाडू. रात्रभर पोट रिकामं राहिलं की स्नायूंची झीज वाढते. त्यामुळे अशा रुग्णाने उपास धरू नयेत आणि घरच्यांनीही आग्रह करू नये. आहाराचं नेमकं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, ते आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

बोलायचं ते धुकं येण्याआधी

यकृताच्या आजारात एक अडचण विशेष आहे. माणूस जिवंत असतानाच त्याची निर्णयशक्ती येते-जाते. म्हणून काही प्रश्न शुद्ध असताना विचारावे लागतात. व्हेंटिलेटरवर ठेवायचं का? शेवटचे दिवस घरी हवेत की रुग्णालयात? आपण बोलू शकलो नाही, तर निर्णय कोण घेईल?

मामींना हे अभद्र वाटलं. मामांना वाटलं नाही. ते म्हणाले, “अगं, फौजेत भरती झालो तेव्हाच ‘नेक्स्ट ऑफ किन’चा कागद भरला होता. तुझं नाव लग्नानंतर आठवड्यात चढवलं. तेव्हा काय मरायला निघालो होतो?”

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र मान्य केलं. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. मामांनी ते केलं. एक ओळ त्यांनी स्वतः सांगून घातली की उपचारांचा उपयोग उरला नाही, तर मला घरी न्यावं.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

फौजीची बायको वर्षानुवर्षं एकटीने घर चालवते. त्यामुळे ‘ती करेल सगळं’ असं सगळेच गृहीत धरतात. मामींनी दीड वर्षात एकही पूर्ण रात्र झोप घेतली नव्हती. उपशामक सेवेच्या परिचारिकेने पहिल्याच भेटीत मामांच्या आधी मामींचा रक्तदाब मोजला आणि तो वाढलेला निघाला.

त्यानंतर घरात एक तक्ता लागला. सोमवार-गुरुवार मुलगी, शनिवार भाचा, रविवारी दुपारी मामींना सक्तीची सुट्टी. पहिल्या रविवारी कुठे जावं हेच त्यांना कळेना. त्या बहिणीकडे जाऊन तीन तास झोपल्या. घरात असा रुग्ण असेल, तर “काही लागलं तर सांगा” म्हणू नका. “मंगळवारी मी बसते, तुम्ही जाऊन या” असं म्हणा.

मन फारच खचलं असेल, रुग्णाचं किंवा सांभाळणाऱ्याचं, तर टेलिमानस हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, आपल्या भाषेतही.

कुठे विचारायचं?

माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन पॅनेलवरच्या रुग्णालयात कॅशलेस उपचार होतात. तिथे जाल तेव्हा यकृततज्ज्ञासोबत पॅलिएटिव्ह केअर, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशकाचाही रेफरल मिळेल का, हे स्वतःहून विचारा. न विचारता तो क्वचितच मिळतो. आणीबाणीत कुठे जायचं आणि पॉलिक्लिनिकला किती वेळात कळवायचं, हेही आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. कागदपत्रांत अडचण आली, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा तुमच्या राज्यातलं सैनिक बोर्ड मदत करतं.

उपशामक सेवा सगळीकडे सारखी नाही. केरळ यात पुढे आहे. 1993 मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून तिथे गावागावांत स्वयंसेवक तयार झाले आणि 2008 मध्ये राज्याने उपशामक सेवेचं धोरणच केलं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात, इतर मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आणि अनेक सेवाभावी संस्थांत ही सेवा मिळते, पण तिचा भर अजून कर्करोगावर आहे. म्हणून यकृताच्या रुग्णांच्या घरच्यांनी ती मागायला शिकलं पाहिजे.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न नक्की विचारा :

डिस्चार्ज कार्डवरच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ काय?

प्रत्यारोपण शक्य आहे का, आणि नसेल तर पुढची योजना काय?

कोणती लक्षणं दिसली की लगेच रुग्णालय गाठायचं? (रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप आणि पोटदुखी, लघवी कमी होणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, ही त्यांत असतातच.)

कोणती औषधं अजिबात द्यायची नाहीत?

रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा?

शेवटची सही

प्रत्यारोपण होणार नाही हे कळल्यानंतर मामा अकरा महिने जगले. त्यांतला बराचसा काळ घरी. 26 जानेवारीची परेड त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर ताठ बसून पाहिली. नातवाला बूट पॉलिश करायला शिकवलं, तेही बुटाच्या टोकात चेहरा दिसेपर्यंत. वहीत रोज नाव, हुद्दा, तारीख लिहिली. शेवटच्या आठवड्यातल्या सह्या वाचता येत नाहीत. त्यांच्या इच्छेप्रमाणे ते घरीच गेले, त्रास न होता, मामींचा हात हातात घेऊन.

त्या कपाटाची आठवण मामींना अजून सलते. त्यांनी मामांची माफी मागितली होती. मामा म्हणाले होते, “जुना रेकॉर्डच तसा होता माझा. तुझी चूक नाही.” तरी ती सल जात नाही.

गेल्या महिन्यात त्या स्वतःच्या औषधांसाठी पॉलिक्लिनिकमध्ये रांगेत बसल्या होत्या. शेजारची एक बाई डोळे पुसत सांगत होती, “आमच्या ह्यांनी पुन्हा सुरू केलीय वाटतं. काल रात्रभर काहीबाही बडबडत होते.” मामींनी तिला विचारलं, “यकृताचं आहे का?” तिने मान हलवली.

“मग आधी त्यांना पोट साफ झालं का ते विचार,” मामी म्हणाल्या, “आणि आत्ताच्या आत्ता आत जाऊन डॉक्टरांना सांग. बाटली नंतर शोध.”